आत ओढून घेतलेले पाय

गेल्या वर्षी भाचीच्या मेंदीच्या रात्री कोन घेऊन बसलेली मुलगी मला म्हणाली, "खाला, पाय पुढे करा ना, छोटीशी बेल काढते." मी म्हटलं, "नको गं, हाताला काढलीस तेवढी पुरे," आणि पाय सलवारीच्या आत ओढून घेतले. माझं वय 44. त्यातली 20 वर्षं वर्गात फळ्यासमोर उभं राहण्यात गेली. घोट्याच्या वर निळ्या शिरांचं जाळं, नडगीवर पांढुरकी कोरडी साल, टाचांना भेगा. समोर एवढ्या बायका, तरण्या मुलींचे गुळगुळीत पाय, आणि वरून मोबाईलचे कॅमेरे. कोण कशाला दाखवील?

माझ्या शेजारी अम्मी बसली होती. तिनेही मान हलवून नको म्हटलं. याचं मला नवल वाटलं, कारण अम्मीला मेंदीचा भारी शौक. चांदरातीला आम्ही बहिणी हाताला लावायच्या आधी ती स्वतःचे तळवे रंगवून मोकळी व्हायची. मला वाटलं, थकली असेल. 70 ओलांडलेलं शरीर, लग्नघरातली जाग्रणं.

फजरच्या वजूला मी तिच्या मागे उभी होते. उजवा पाय तिने नेहमीसारखा धुतला. डावा धुताना मात्र माझ्याकडे पाठ केली. मी पुढे होऊन पाहिलं तर घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट तपकिरी झालेली आणि तिच्या मधोमध रुपयाच्या नाण्याएवढी ओली जखम. पाच महिन्यांपासून होती म्हणे. हळद लावत होती, खोबरेल लावत होती, वर मोजा घालत होती. "लग्न तोंडावर आलेलं, तुम्हाला कशाला घोर? आणि त्या डॉक्टरसमोर पाय वर करून कोण बसणार?"

एकाच रात्री आम्ही दोघींनी पाय आत घेतले होते. मी दिसण्याच्या लाजेने, तिने जखमेच्या लाजेने. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही, म्हणून आज लिहायला बसले.

आपल्या बायकांचे पाय कायम झाकलेले असतात. ती आपली रीत आहे, मला ती आवडते, आणि तिच्यावर वाद घालण्यासाठी हा लेख नाही. पण होतं असं की जे लोकांपासून झाकायचं ते हळूहळू आपण स्वतःच्या नजरेपासूनही झाकतो. चेहऱ्यावर एक डाग उठला तर दहा वेळा आरशात बघतो. पायावर मात्र वर्षभरात काय काय बदललं हे सांगता येणार नाही. खरं तर आपल्याला दिवसातून अनेकदा पाय धुवायचा हुकूम आहे, आणि तोही घाईघाईत पाणी ओतून नव्हे. बोटांच्या बेचक्यांत बोट फिरवून, घोट्यापर्यंत, टाच कोरडी राहणार नाही अशा बेताने. कोरड्या राहिलेल्या टाचांबद्दल प्रेषितांनी (स.) किती कडक इशारा दिला आहे हे आपण लहानपणापासून ऐकतो. एवढ्या वेळा हात फिरवूनही अम्मीची जखम पाच महिने घरात कुणाला कळली नाही. उपचारासाठी डॉक्टरला शरीराचा भाग दाखवायला शरीअतने मनाई केलेली नाही. लेडी डॉक्टर मिळाली तर उत्तमच. आम्हाला मिळाली.

तिने अम्मीचा पाय तपासला, शिरांची डॉप्लर सोनोग्राफी करून घेतली आणि सांगितलं की ही जखम कातडीची नाही, शिरांची आहे. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता तुमचेही दाखवा." मी काचकूच केली. अम्मी म्हणाली, "दाखव. माझं पाहिलंस ना?"

डॉक्टरांनी त्या दिवशी जे समजावलं ते मी आता माझ्या सातवीच्या वर्गालाही शिकवते, कारण ते फार सोपं आहे. हृदयातून रक्त खाली पायात सहज उतरतं. परत वर चढायचं म्हणजे मात्र विहिरीतून पाणी शेंदण्यासारखं काम. त्यासाठी शिरांमध्ये ठिकठिकाणी एकाच दिशेला उघडणाऱ्या झडपा असतात आणि शेंदण्याचं काम पोटरीचा स्नायू करतो. आपण पाऊल टाकलं की पोटरी आवळते, शीर दाबली जाते आणि रक्त वर ढकललं जातं. म्हणूनच पोटरीला दुसरं हृदय म्हणतात. आपण तासन् तास एका जागी उभ्या राहिलो, मग ते फळ्यासमोर असो, ओट्यासमोर असो की दुकानाच्या काउंटरमागे, तर हा पंप बंद असतो. रक्त खाली साचतं, शिरा ताणल्या जातात, झडपा नीट मिटेनाशा होतात. बाळंतपणात पोटातला दाब वाढतो आणि शिरांच्या भिंती सैल होतात, त्यामुळे मुलं झालेल्या बायकांत हे जास्त दिसतं. काही घरांत ते आईकडून मुलीकडे येतं. माझ्या नानीच्या पायावरही दोरीसारख्या शिरा होत्या. लहानपणी मी त्यांच्यावरून बोट फिरवत बसायची आणि त्यांना नद्या म्हणायची.

शिरांखेरीज आणखीही बरंच काही बदलतं. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात आणि त्यांना काम दिलं नाही तर घट वेगाने होते. पोटरी बारीक, मांडी सैल, गुडघ्याच्या वर कातडीची वळी. मासिक पाळी थांबण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं, त्याचा फटका हाडांनाही बसतो आणि कातडीलाही. कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी मंदावतात. नडगीवर त्या तशाही थोड्याच असतात, म्हणून थंडीत आधी तिथे पापुद्रे सुटतात. मांडीवर संत्र्याच्या सालीसारख्या खळ्या दिसतात, त्याची लाज वाटून घेणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. बहुतेक बायकांना वयात आल्यानंतर त्या असतातच, बारीक असो वा जाड. कातडीखालच्या चरबीची आणि धाग्यांची ती ठेवणच तशी आहे.

आता यातलं काय बदलता येतं, हा खरा प्रश्न. मी इथे स्पष्टच लिहिते, कारण या बाबतीत बायकांचे पैसे फार वाया जातात. एकदा वर आलेली निळी शीर कुठल्याही मलमाने, तेलाने किंवा व्यायामाने नाहीशी होत नाही. ती आजाराच्या थराला गेली असेल तर इंजेक्शनने किंवा लेझरने बंद करण्याचे उपचार आहेत, ते तज्ज्ञांचं काम. मांडीच्या खळ्या क्रीमने जात नाहीत. फक्त मांडीची किंवा फक्त पोटरीची चरबी घटवणारा व्यायाम अस्तित्वात नाही. चरबी घटते ती सगळ्या शरीराची मिळून. हे एकदा स्वीकारलं की पुष्कळ ओझं उतरतं. उलट, पोटरी भरून येणं, मांडी घट्ट होणं, संध्याकाळची सूज ओसरणं, कातडी मऊ आणि तुकतुकीत होणं, टाचा भरणं आणि सर्वांत मोठं म्हणजे चाल सुधारणं, हे सगळं आपल्या हातात आहे. पाय सुंदर दिसतात ते बरेचसे चालताना. पाय घासत, कंबर धरून चालणारी बाई 40 ची असली तरी म्हातारी दिसते, आणि माझी एक फूफी 68 व्या वर्षी डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन अशी चालते की मागून बघणाऱ्याला वय ओळखता येणार नाही.

व्यायाम म्हटला की बायका तीन गोष्टी सांगतात. वेळ नाही, जागा नाही, आणि लोक काय म्हणतील. मी तिन्ही सांगून झाल्या आहेत, म्हणून ज्याला या तिन्हींची गरज पडत नाही तिथून सुरुवात केली. ओट्याला धरून उभं राहायचं आणि दोन्ही टाचा उचलून चवड्यांवर यायचं. दोन सेकंद थांबायचं आणि सावकाश, धप्पकन नव्हे, टाचा खाली आणायच्या. 10 ते 15 वेळा. दूध उतू जायची वाट बघत आपण उभ्या असतोच की! थोडा दम खाऊन पुन्हा एकदा. हाच तो पोटरीचा पंप. पहिल्या आठवड्यात माझ्या पोटऱ्या इतक्या दुखल्या की शाळेचा जिना उतरताना कठडा धरावा लागला. आता मी वर्गात इमला सांगतानाही टाचा उचलते. पोरांच्या ते लगेच लक्षात आलं. एक दिवस मागे वळून पाहिलं तर शेवटच्या बाकावरची चौघं उभी राहून माझ्याबरोबर वर-खाली होत होती. शिक्षा करायला हवी होती, पण हसू आलं.

दुसरा व्यायाम खुर्चीचा. भिंतीला टेकवलेली, हलणार नाही अशी खुर्ची घ्यायची. प्लास्टिकची घसरते, ती नको. हात छातीवर बांधून हातांच्या आधाराशिवाय उभं राहायचं आणि तितक्याच सावकाश बसायचं. 8-10 वेळा. ज्यांना जमत नाही त्यांनी आधी खुर्चीवर एक घट्ट उशी ठेवून उंची वाढवावी, आणि महिन्याभराने काढावी. मांडीचा पुढचा स्नायू यानेच तयार होतो आणि गुडघ्याला जो खरा आधार असतो तो याच स्नायूचा. ज्यांचे गुडघे फार दुखतात त्यांनी पलंगावर उताणं पडून एक पाय दुमडावा आणि दुसरा गुडघ्यात न वाकवता वीतभर उचलून पाच सेकंद धरावा. अम्मीने याच व्यायामाने सुरुवात केली. जिना असेल तर एका पायरीवर चढणं-उतरणं, कठडा धरून. आणि दात घासताना बेसिनला हात लावून आधी एका पायावर, मग दुसऱ्या पायावर उभं राहणं. हे तोल सांभाळायला. साठीनंतरची बाई पडली आणि खुब्याचं हाड मोडलं की घराचं काय होतं ते अनेकींनी पाहिलेलं असेल.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली जे मार्गदर्शन दिलं त्यात मोठ्या माणसांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम वेगाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम सांगितले आहेत. 150 मिनिटं म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास भराभर चालणं. आमच्या मोहल्ल्यात आम्ही सहा जणी फजरनंतर निघतो. पहिल्या दिवशी सगळ्या चपला घालून आल्या होत्या. बुरख्याखाली बूट बरे दिसत नाहीत, असं एकीचं म्हणणं. चपलेत बोटं आवळून चालावं लागतं, टाच सुटी राहते, आणि मग दोन आठवड्यांत तळवा दुखायला लागतो. तिचा तसा दुखलाच. आता सहाही जणी बूट घालतात आणि बुरख्याची शिवण घोट्याच्या वर दोन बोटं घेतली आहे, पायात अडकू नये म्हणून. आत पायघोळ सलवार असतेच. आमच्यात एक भाभी आहे, तिच्या नवऱ्याने सुरुवातीला फार थट्टा केली. "आता या वयात कुणाला दाखवायचंय?" तिने उत्तर दिलं नाही, फक्त घरी आल्यावर त्याचा चहा दहा मिनिटं उशिरा ठेवू लागली. हल्ली तोही मशिदीतून परस्पर एक फेरी मारून येतो. घरातल्या पुरुषांनी हा लेख वाचला तर एवढंच सांगेन की बायकोच्या पायांवर गंमत म्हणून केलेलं वाक्य ती वीस वर्षं विसरत नाही.

नमाजबद्दल लिहिताना मला जरा संकोच वाटतो. नमाज म्हणजे उत्तम योगा, नमाज म्हणजे फुकटची कसरत, असे संदेश मोबाईलवर फिरतात ते मला आवडत नाहीत. नमाज आपण अल्लाहसाठी पढतो, पोटरीसाठी नाही. पण एक हिशोब मी मुलांना घालते, तो इथेही देते. फक्त फर्ज धरले तरी दिवसाच्या 17 रकाती होतात, 34 सजदे होतात आणि सजद्यातून उठून पुन्हा सरळ उभं राहणं 12 वेळा होतं. जमिनीवरून उठण्याची ही सवय आपल्या आज्या-पणज्यांनी मरेपर्यंत टिकवली. आता मशिदींत आणि घराघरांत खुर्च्या वाढल्या आहेत. ज्याला खरोखर उभं राहता येत नाही त्याने बसून पढावं, बसता येत नसेल तर पडून. ही सवलत दीननेच दिली आहे आणि ती घेणाऱ्याला टोकण्याचा हक्क कुणाला नाही. पण पन्नाशीच्या आत, गुडघा जरासा कुरकुरला म्हणून खुर्ची घेतली आणि मांडीचं काम थांबलं तर वर्षभरात गुडघा जास्तच कुरकुरतो. खुर्ची घेण्याआधी दोन-तीन महिने मांडीचे व्यायाम करून पाहा आणि डॉक्टरांना गुडघा दाखवा. अम्मी खुर्चीवर गेली होती. आता फजरचे दोन फर्ज जमिनीवर पढते, बाकी खुर्चीवर. तिला तेवढ्याचाच केवढा आनंद!

कातडीचं काम सर्वांत सोपं आणि आपण त्यातच आळस करतो. वजूनंतर पाय टिपून कोरडे करायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. तिथे ओल राहिली की चिखल्या होतात. पाय जरासे दमट असतानाच नडगीला आणि टाचेला व्हॅसलिन किंवा खोबरेल चोळायचं, बेचक्यांत मात्र नाही. दिवसा तेलकट पायांनी वावरणं नको वाटत असेल तर इशानंतर लावून सुती मोजे घालून झोपावं. टाचा घासायला वजरी हलक्या हाताने, आठवड्यातून दोनदा. ब्लेडने कातडी कापणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. मधुमेह असलेल्या बाईने असं केलं तर पाय गमावण्याची पाळी येऊ शकते. खूप गरम पाणीही नको, त्याने कातडी आणखी सुकते.

खाण्याबद्दल फार लांबण लावत नाही. स्नायूला प्रथिनं लागतात आणि आपल्या घरात मटणाचा तुकडा आधी कुणाच्या ताटात जातो हे मी सांगायला नको. आपल्या वाट्याला रस्सा आणि हाड. एक अंडं, वाटीभर डाळ, मासा, सुकटाची चटणी, दही, यातलं काहीतरी रोज स्वतःच्या ताटात घ्यावं. दुसरं म्हणजे ऊन. अंग झाकलेलं असलं आणि दिवस घरात गेला की कातडीत ड जीवनसत्त्व कमी तयार होतं, मग हाडं आणि मांडीचे स्नायू दुखतात, जिना चढवत नाही. गच्चीवर किंवा परसात आडोसा असेल तिथे हात-पाय उघडे ठेवून थोडं ऊन घ्यावं आणि डॉक्टरांना विचारून तपासणी करून घ्यावी. 60,000 युनिटच्या पुड्या शेजारणीच्या सांगण्यावरून घेत राहू नयेत, या जीवनसत्त्वाचा अतिरेकही शरीराला घातक असतो.

आणि रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं पाय छातीपेक्षा उंच. पलंगावर पडून दोन उशांवर किंवा भिंतीला टेकवून. सुनेने असं केलं तर घरात भुवया उंचावतात. आमच्याकडे अम्मीने केलं, म्हणून मलाही करता आलं.

काही खुणा मात्र दिसण्याच्या नव्हेत, दवाखान्यात जाण्याच्या आहेत. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. तेव्हा तो पाय चोळायचा नाही. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर क्षणाचाही उशीर नको. घोट्याजवळची कातडी तपकिरी, कडक, खाजरी होत असेल तर अम्मीची जखम अशीच सुरू झाली होती. चालताना पोटरीत कळ येते आणि थांबल्यावर जाते, हा शुद्ध रक्त नेणाऱ्या धमनीचा त्रास असू शकतो. दोन्ही पाय सुजत असतील तर त्याचं मूळ हृदयात, मूत्रपिंडात, थायरॉईडमध्ये किंवा रक्तदाबाच्या एखाद्या गोळीतही असू शकतं. घट्ट लवचिक मोजे बऱ्याच जणींना फायद्याचे असतात. सकाळी पलंगावरून उतरायच्या आधीच ते चढवायचे. पण धमनीचा आजार असेल तर ते नुकसान करतात, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय नकोत. वजूला ते प्रत्येक वेळी काढायचे कसे, पट्टी बांधलेली असेल तर काय करायचं, हे प्रश्न आपल्या इमामसाहेबांना किंवा मुफ्तींना जरूर विचारावेत. अम्मी हे विचारायला लाजत होती आणि त्या संकोचापायी पट्टी सोडून धुवायची. त्याने जखम पुन्हा उघडायची. विचारल्यावर पाच मिनिटांत वाट निघाली.

हे सगळं केल्यावरही आरसा आरशाचंच सांगतो. तीन महिन्यांत माझी पोटरी भरली, संध्याकाळी पाय जड होईनासे झाले, टाचा मऊ झाल्या. शिरा तिथेच आहेत. तेव्हा मला हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांची आठवण येते. बांध्याने ते अगदी किरकोळ, पाय काडीसारखे बारीक. एकदा मिस्वाक तोडायला पीलूच्या झाडावर चढले असताना वाऱ्याने कपडा उडाला आणि त्यांच्या नडग्या पाहून खालची मंडळी हसली. प्रेषितांनी (स.) हसण्याचं कारण विचारलं आणि त्यांना सांगितलं की हेच पाय कयामतच्या तराजूत उहुद डोंगरापेक्षा भारी भरतील. मुसनद अहमदमध्ये ही हदीस आहे. उहुद मदिनेजवळच आहे, ऐकणाऱ्यांनी तो रोज पाहिलेला. पुढे याच अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांना हजरत उमर (रजि.) यांनी मुअल्लिम म्हणून कूफ्याला पाठवलं. आम्हा मास्तर लोकांना म्हणून ते आणखी जवळचे वाटतात.

आणि हजरत आयेशा (रजि.) यांची शर्यत. तरुण, सडपातळ असताना त्या एका प्रवासात प्रेषितांबरोबर (स.) धावल्या आणि जिंकल्या. पुढे अंग भरल्यावर पुन्हा धावल्या तेव्हा मागे पडल्या, आणि प्रेषितांनी (स.) हसतखेळत त्या हारीची परतफेड झाल्याचं सांगितलं. अबू दाऊदमध्ये हे आलं आहे. मला यात नेहमी दोन गोष्टी दिसतात. आपलं वजन वाढलं होतं हे आयेशा (रजि.) स्वतः, कसलीही लाज न बाळगता सांगतात. आणि वजन वाढलं तरी त्यांनी धावायला नकार दिला नाही.

अम्मीची जखम भरायला चार महिने लागले. दर आठवड्याला पट्टी, तीही घट्ट दाबाची. कातडीवरचा तपकिरी डाग मात्र कायमचा राहिला. तिने उमऱ्याची नियत केली आहे. सफा ते मरवा सात फेऱ्या मिळून सुमारे तीन किलोमीटर चालणं होतं, तवाफ वेगळा. चाकाची खुर्ची तिथे मिळते हे तिला ठाऊक आहे. "लागली तर घेऊ," ती म्हणते, आणि रोज असरनंतर अंगणात फेऱ्या मोजते. दर फेरीला एक चिंचोका एका वाटीतून दुसऱ्या वाटीत.

यंदाच्या चांदरातीला माझी मुलगी कोन घेऊन बसली. अम्मीने दोन्ही पाय पुढे केले. मुलीने डावा पाय पाहून विचारलं, "नानी, इथे भरगच्च काढू का, डाग झाकून जाईल?"

"झाकायचा कशाला?" अम्मी म्हणाली. "त्याच्या बाजूने बेल काढ. आणि घाई कर, तुझी अम्मी रांगेत आहे."